पहिला शब्द कमांडचा, पुढचे कुणाचे?

बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या व्हीटीयूच्या, २०२२ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट विथ गिट’ नावाचा एक ऐच्छिक लॅब विषय आहे. कोड बीसीएस३५८सी. प्रयोगांची यादी साधी आहे: नवी रिपॉझिटरी सुरू करा, फाइल स्टेज करून कमिट करा, ब्रँच काढा, मर्ज करा, स्टॅश करा, टॅग लावा, अमुक आयडीच्या कमिटने केलेले बदल उलटवा. प्रत्येक ओळ ‘गिट’ या एकाच शब्दाने सुरू होते. काय करायचे ते दुसरा शब्द सांगतो. तिसऱ्यापासून पुढचे सगळे शब्द या दुसऱ्याच्या मर्जीने वाचले जातात. ‘टॅग’च्या मागून आलेले ‘व्ही१.०’ हे नव्या खुणेचे नाव असते. ‘चेकआउट’च्या मागून आलेला तोच शब्द ब्रँच असेल, टॅग असेल, नाहीतर चक्क फाइल असेल. जर्नलमध्ये कमांडी उतरवून घेणाऱ्या मुलांना यात काही वावगे वाटत नाही. स्वतःचा असा प्रोग्राम लिहायला बसले की मात्र पहिल्याच तासात अडायला होते.

अशा प्रोग्रामांच्या दोन जाती आहेत. एका जातीत ओळ दिली, काम झाले, प्रोग्राम संपला. गिट त्यातला. दुसऱ्या जातीचा प्रोग्राम सुरू होतो, प्रॉम्प्ट देऊन बसतो आणि आपण ‘बंद’ म्हणेपर्यंत ओळीमागून ओळ घेत राहतो. जीडीबी हा डीबगर, डेटाबेसचे पीएसक्यूएल आणि एसक्यूलाइट हे शेल, नेटवर्क राउटरचा कन्सोल ही सगळी त्यातली मंडळी. दोघांच्या ओळी दिसायला सारख्याच: कमांड, तिची सबकमांड, मग आर्ग्युमेंटे, मधूनमधून डॅश लावलेले फ्लॅग. व्याकरण सारखे म्हणून वागणूकही सारखी चालेल, असे मानले गेले. माझ्या मते या विषयातली निम्मी दुखणी तिथून निघतात. पहिल्या जातीत ओळ चुकली तर वापराची माहिती छापून बाहेर पडणेच योग्य, कारण खाली शेल आहे आणि वर बाण दाबला की चुकलेली ओळ परत समोर येते. दुसऱ्या जातीत प्रोग्राम बाहेर पडला तर तासाभरात जमवलेले सगळे त्याच्याबरोबर जाते. तिथे चूक म्हणजे संभाषणातला एक फेरा असतो. त्यानंतरही बोलणे चालूच राहायला हवे.

पायथनमधले आर्गपार्स याचे ठळक उदाहरण. पायथन २.७ आणि ३.२ पासून ते भाषेबरोबरच येते, सबकमांडीची सोय त्यात उत्तम आहे, म्हणून मुले प्रॉम्प्टच्या प्रोग्रामातही तेच वापरतात. ओळीत चूक सापडली की आर्गपार्स संदेश छापतो आणि २ हा एक्झिट कोड देऊन अख्खा प्रोग्राम संपवतो. एवढेच नाही, एखाद्या सबकमांडीची मदत मागितली तरी मदत छापून तो बाहेर पडतो. मदत मागणाऱ्याला हाकलून देणारा प्रोग्राम! ३.९ मध्ये ‘एक्झिट-ऑन-एरर’ बंद करण्याची सोय आली, पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत काही चुकांना ती लागूच होत नव्हती. त्यामुळे चूक हाताळणारी आणि बाहेर पडणारी, अशा दोन्ही मेथड स्वतः लिहून बदलणे हाच खात्रीचा मार्ग. पाच-सात ओळींचे काम आहे. ते करावे लागते हे मात्र कळलेले हवे.

यंत्राशी तुकड्यातुकड्याने बोलणे बेळगाव भागाला नवीन नाही. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेले १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज १९८६ च्या जुलैत बसले ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. फोन फिरवणे म्हणजे कोड आणि आर्ग्युमेंट एका दमात देणेच. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, निपाणीचा ०८३३८, खानापूरचा ०८३३६, शेजारच्या गोव्याचा ०८३२. यातला कुठलाही कोड दुसऱ्या कोडची सुरुवात नाही. फोनला एंटरची कळ नसते, म्हणून कोड संपला कुठे आणि नंबर सुरू झाला कुठे हे एक्स्चेंजला आकड्यांवरूनच ओळखावे लागते. बेळगावला ०८३३ दिला असता तर निपाणीला ०८३३८ देताच आला नसता. प्रॉम्प्टवर एंटर आहे, मध्ये स्पेस आहे, त्यामुळे ‘जोड’ आणि ‘जोडणी’ या दोन्ही कमांडी सुखाने नांदू शकतात. ही मोकळीक आहे खरी, पण लघुरूपे मान्य करायची ठरवली की तिची किंमत मोजावी लागते.

मोबाइलवरचे *९९# हे संवादाच्या आणखी जवळचे. राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनची, म्हणजे एनपीसीआयची, ही बँकिंग सेवा २८ ऑगस्ट २०१४ ला देशभर सुरू झाली. इंटरनेट नको, साधा फोन पुरे. कोड फिरवला की यादी येते, आकडा दाबला की पुढची यादी. त्या वेळच्या मांडणीत भाषाही कोडमध्येच होती: *९९*२८# मराठीसाठी, *९९*२६# कन्नडसाठी. सवय झालेल्याने मधल्या पायऱ्या जोडून एकदम फिरवाव्यात, नवख्याने यादी वाचत जावे, आणि दोघेही पोचतात एकाच जागी. संवादी प्रोग्रामला याहून चांगला नमुना मिळणे कठीण: सबकमांड दिली नाही तर चूक म्हणून ओरडू नका, पुढे काय काय चालते ते दाखवा. ही सेवा ज्या यूएसएसडी तंत्रावर चालते, त्याच्या एका संदेशात जास्तीत जास्त १८२ इंग्रजी अक्षरे मावतात, आणि मजकूर देवनागरीत पाठवला तर जेमतेम ८० कोड. त्यामुळे तिथे याद्या आखूड ठेवाव्याच लागतात. टर्मिनलला असली अडचण नाही, म्हणून आपले प्रोग्राम मदतीच्या नावाखाली दोन पडदे भरून मजकूर ओततात.

उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये किंवा हत्तरगीच्या एकस एरोस्पेस सेझमध्ये सीएनसी चालवणारा माणूस एमडीआय मोडमध्ये जे करतो ते तर शब्दशः हेच आहे. एक ओळ टाइप करायची, सायकल स्टार्ट दाबायचे, मशीन तेवढे करून थांबते. ‘जी०१’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. मागून एक्स, वाय आणि फीड. इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, जी०१ एकदा दिला की तो लागू राहतो; पुढच्या ओळीत नुसता एक्स दिला तरी मशीन कापतच जाते. याला मोडल म्हणतात. टाइपिंग वाचते, पण आपण कुठल्या मोडमध्ये आहोत हे विसरले की टूल जॉबवर आदळते. प्रॉम्प्टच्या प्रोग्रामातही ‘आता या गावाच्या नोंदी’ अशी संदर्भ धरून ठेवणारी कमांड सोयीची असते, मात्र तो संदर्भ प्रॉम्प्टमध्येच दिसत राहिला पाहिजे. सिस्कोच्या राउटरवर कॉन्फिगरेशनमध्ये शिरले की प्रॉम्प्टचे रूपच बदलते, ते उगाच नाही. दुसरी गोष्ट दशांश चिन्हाची. फॅनक कंट्रोलरवर पॅरामीटर पारंपरिक पद्धतीने लावलेला असेल तर ‘एक्स५०.’ म्हणजे पन्नास मिलिमीटर आणि टिंब न देता ‘एक्स५०’ म्हणजे पन्नास मायक्रॉन. आर्ग्युमेंटचे एकक गृहीत धरले की काय होते, हे जुन्या ऑपरेटरला समजावून सांगावे लागत नाही.

आता जीडीबी. संवादी कमांडींचा अभ्यास करायचा तर त्याच्याइतके श्रीमंत मैदान दुसरे नाही. त्यात ‘इन्फो’, ‘सेट’, ‘शो’ अशा कमांडींच्या पोटात डझनावारी सबकमांडी आहेत, आणि प्रत्येक शब्द ओळखू येईल इतकाच टाइप केला तरी चालतो. एकाच सुरुवातीच्या दोन कमांडी निघाल्या तर तो संदिग्ध असल्याचे सांगून थांबतो. ‘एस’ने सुरू होणाऱ्या कमांडी ढीगभर असूनही नुसता ‘एस’ म्हणजे ‘स्टेप’, कारण ती दिवसाला शंभरदा लागते. हा अपवाद मुद्दाम केलेला आहे. लघुरूपांबाबत माझे मत यावरूनच बनले: सरसकट आपोआप लघुरूपे देऊ नयेत, नेहमीच्या चार-पाच कमांडींना ठरवून द्यावीत. आपोआप दिली तर पुढच्या आवृत्तीत एक नवी कमांड वाढवली की कुणाच्या तरी बोटांची सवय मोडते.

जीडीबीच्या पुस्तिकेतच एक मासलेवाईक प्रसंग आहे. ‘सेट’ने डीबगरची सेटिंग बदलतात आणि ‘सेट’नेच प्रोग्राममधल्या व्हेरिएबलला किंमतही देतात. तुमच्या प्रोग्राममध्ये ‘विड्थ’ नावाचे व्हेरिएबल असेल आणि तुम्ही ‘सेट विड्थ=४७’ म्हणालात, तर पडद्याच्या रुंदीची सेटिंग बदलायला निघाल्याचे समजून जीडीबी चूक दाखवतो, कारण ‘विड्थ’ नावाची सबकमांडही आहे. तोडगा म्हणून ‘सेट व्हेरिएबल’ अशी वेगळी सबकमांड द्यावी लागली. म्हणजे ज्या जागी सबकमांड येते त्याच जागी वापरणाऱ्याने दिलेले मोकळे नावही येऊ दिले की हा गोंधळ ठरलेला. गिटच्या ‘चेकआउट’चे तेच झाले: ब्रँच बदलणे आणि फाइल पूर्ववत करणे ही दोन कामे एका नावाखाली. ऑगस्ट २०१९ मध्ये गिट २.२३ ने ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशी फोड केली. जुनी कमांड अजून चालते, पण संदिग्ध वेळी फाइलच्या नावाआधी नुसते दोन डॅश टाकावे लागतात. ‘इथून पुढे फ्लॅग नाहीत’ असे सांगणारी ही दोन डॅशची खूण पॉझिक्सच्या नियमांतली आहे आणि ती प्रत्येक प्रोग्रामने पाळावी. समजा, एखाद्या नोंदीतल्या वजनाची दुरुस्ती ‘-५’ म्हणून लिहिली, की पार्सरला तो फ्लॅग वाटू शकतो, हे ती नसल्यावर कळते.

रिकाम्या एंटरचे काय करायचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. जीडीबीत रिकामा एंटर म्हणजे मागची कमांड पुन्हा. एकेक पाऊल पुढे जाताना हे फार सुखाचे असते. पण त्यातही विचार आहे: ‘रन’ अशी पुन्हा चालत नाही, कारण चुकून चालली तर पंचाईत, आणि ‘लिस्ट’ पुन्हा चालते ती पुढच्या ओळी दाखवत. पायथनच्या ‘सीएमडी’ या मोड्यूलने ही सवय उचलली, विचार मात्र उचलला नाही. त्यात ‘एम्प्टीलाइन’ ही मेथड मागची कमांड जशीच्या तशी पुन्हा चालवते. आता समजा, निपाणीच्या एखाद्या तंबाखू वखारीची आवक-जावक लिहिणारा छोटा प्रोग्राम कुणी विद्यार्थ्याने मिनी प्रोजेक्ट म्हणून केला आहे:

वखार> आवक जोड गाव=कोगनोळी पोती=१२
नोंद झाली. बाकी ८४ पोती.
वखार>
नोंद झाली. बाकी ९६ पोती.

दुसऱ्यांदा काहीच लिहिले नव्हते, नुसता एंटर पडला होता. बारा पोती वखारीत आलीच नाहीत, वहीत मात्र आली. ती मेथड रिकामी करून टाकणे हे या मोड्यूलवर बांधलेल्या प्रत्येक प्रोग्राममधले पहिले काम असायला हवे.

सबकमांड आधी नामाची की क्रियापदाची, यावर दोन घराणी आहेत. गिटच्या ‘रिमोट ॲड’मध्ये नाम आधी, कुबरनेटीजच्या ‘गेट पॉड्स’मध्ये क्रियापद आधी. डॉकरने सुरुवातीला सगळ्या कमांडी एकाच रांगेत मांडल्या. संख्या हाताबाहेर गेली तेव्हा जानेवारी २०१७ च्या १.१३ आवृत्तीत ‘कंटेनर’, ‘इमेज’ अशा नामांखाली त्यांचे गट केले आणि जुनी रूपे चालू ठेवली. प्रॉम्प्टसाठी मला नाम आधी हे घराणे बरे वाटते. ‘आवक’ लिहून टॅब दाबला की आवकेचे काय काय करता येते तेवढेच समोर येते. ‘जोड’ आधी लिहिले तर जगातले जोडण्यासारखे सगळे. शिवाय मराठी माणूस आज्ञा देतो ती ‘आवक लिही’, ‘दार लाव’ अशीच.

नाव बदलले तर जुने किती दिवस चालवायचे, याचे उत्तर डॉकरने दिले आहेच, आणि बेळगावकरांना ते रोज मिळते. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे अधिकृत नाव बदलले, म्हणून लोकांच्या तोंडचे आणि जुन्या कागदांवरचे बदलले नाही. प्रोग्रामने गावाच्या नावाची सगळी रूपे आत घ्यावीत, आत एकच खूण साठवावी, आणि दाखवायचे रूप सेटिंगवर सोडावे. कमांडींनाही तोच न्याय. सीमाभागात हे आणखी एका कारणाने लागते: वखारीतला एक कारकून मराठीतून टाइप करील, दुसरा कन्नडमधून, तिसरा इंग्रजीतून. एक्सेलमधल्या सूत्रांची नावे जर्मनीत जर्मन दिसतात, पण फाइलमध्ये तो जर्मन शब्द न साठता सगळ्या भाषांसाठी एकच ठरावीक रूप साठते, म्हणून तीच फाइल दुसऱ्या भाषेच्या एक्सेलमध्ये बिनबोभाट उघडते. आपल्या प्रोग्रामच्या लॉगमध्येही टाइप केलेला शब्द न ठेवता कमांडीची खूण ठेवावी.

हे सगळे जमण्यासाठी कमांडींचे वर्णन एका जागी हवे: नाव, पर्यायी नावे, आर्ग्युमेंटांचे प्रकार, कुठले सक्तीचे, मदतीची ओळ. पार्सर, मदत आणि टॅबची पूर्तता या तिन्ही गोष्टी त्याच तक्त्यातून निघाल्या पाहिजेत. हे आजचे शहाणपण नव्हे. डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) या कंपनीच्या टॉप्स-२० या १९७६ च्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कमांड वाचणे हे काम खुद्द सिस्टीम करून देत असे. ‘कॉम्ंड’ नावाचा सिस्टीम कॉल होता. प्रोग्रामने फक्त सांगायचे की इथे कमांडीचा शब्द हवा, इथे फाइल हवी, इथे आकडा हवा. ओळीच्या मध्ये कुठेही प्रश्नचिन्ह दाबले की त्या जागी काय चालते ते दिसे. एस्केप दाबले की शब्द पुरा होई आणि ‘(पासून)’, ‘(कडे)’ अशा अर्थाचे मार्गदर्शक शब्द कंसात उमटत, जे वाचायचे आणि सोडून द्यायचे. प्रत्येक प्रोग्राम एकाच रीतीने बोले, कारण बोलण्याचे काम प्रोग्रामाकडे नव्हतेच. सिस्कोच्या राउटरवर प्रश्नचिन्ह दाबल्यावर मिळणारी मदत याच वळणाची. युनिक्सने उलटी वाट धरली: शेल शब्द तोडून देईल, पुढचे ज्याचे त्याने बघावे. लहान प्रोग्राम चटकन लिहून होतात ही त्याची बरकत. आज टॅब दाबल्यावर शेलला गिटच्या सबकमांडी कळाव्यात म्हणून वेगळी स्क्रिप्ट ठेवावी लागते, ही त्याची किंमत. बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ च्या सुमारास टीसीएल लिहायला घेतली ती याच वैतागातून. त्यांच्या गटाची चिप डिझाइनची संवादी साधने होती आणि दर साधनाची कमांड भाषा वेगळी आणि दुबळी. एक चांगली भाषा बनवून ती प्रत्येक साधनात बसवावी, हा त्यांचा उपाय. चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा प्रॉम्प्ट आजही बहुधा टीसीएलचाच असतो, आणि टीसीएलच्या अंगच्या कमांडींत सबकमांडी लघुरूपानेही चालतात.

ओळीचे शब्द तोडण्यावर खरे तर एक वाक्य पुरावे: स्पेसवर तोडू नका, अवतरणे समजणारा तोडणारा वापरा, पायथनमध्ये तो ‘शलेक्स’ नावाने तयार आहे. पण पत्ता ‘रामलिंग खिंड गल्ली’ असेल आणि टाइप करणारा वखारीतला कारकून असेल, तर अवतरणे द्यायची शिस्त त्याच्यावर कशाला लादायची? शेवटचे आर्ग्युमेंट उरलेली सगळी ओळ गिळते, असे ठरवता येते. नावनिशीवार आर्ग्युमेंटे, म्हणजे ‘पत्ता=’पासून पुढचे ‘नाव=’ येईपर्यंतचे सगळे पत्त्याचे, असेही चालते. आणि काही राहिलेच तर प्रोग्रामने विचारावे: ‘पोती किती?’ संवादी प्रोग्रामला हीच तर जागची सोय आहे. एकाच ओळीच्या प्रोग्रामला ती नसते, म्हणून त्याला सगळे एकदम लागते.

आर्ग्युमेंटाचा प्रकार तपासताना कुठे चुकले ते नेमके सांगावे. व्हीटीयूचा यूएसएन, म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक, घ्या: पहिला आकडा विभागाचा, बेळगाव विभाग २, मग कॉलेजची दोन अक्षरे, प्रवेशाच्या वर्षाचे दोन आकडे, शाखेची दोन अक्षरे, शेवटी तीन आकड्यांचा क्रमांक. एकूण दहा चिन्हे. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला तर ‘अवैध यूएसएन’ एवढेच म्हणणारा प्रोग्राम आपले काम अर्धेच करतो. ‘आठव्या जागी आकडा हवा, अक्षर आहे’ असे म्हणणारा पुरे करतो, आणि चुकलेली ओळ दुरुस्तीसाठी प्रॉम्प्टवर परत आणून ठेवणारा आणखी बरा.

मराठीतून कमांडी द्यायच्या म्हटले की जमीन अधिकच निसरडी होते. पायथनच्या ‘सीएमडी’ मोड्यूलमध्ये कमांडीच्या नावात चालणाऱ्या चिन्हांची एक यादी आहे, ‘आयडेंटकॅर्स’. तीत फक्त इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोर. ‘आवक’ नावाची मेथड तुम्ही लिहू शकता, पायथन भाषेला ती मान्य आहे, पण ओळ वाचणारा पहिल्याच अक्षराशी थांबतो, कमांड रिकामी समजतो आणि अनोळखी वाक्यरचना म्हणून परत पाठवतो. वाचण्याची ती एक मेथड स्पेसपर्यंतचा शब्द घेईल अशी बदलली की प्रश्न सुटतो. आकड्यांचे उलट आहे: पायथनला ‘१२’ देवनागरीत दिले तरी तो त्याचा पूर्णांक करतो, सी भाषेतले नेहमीचे फंक्शन करत नाही.

मग पूर्तता. ‘निपाणी’ वाचताना आपण तीन अक्षरे वाचतो, युनिकोडमध्ये ते सहा कोड आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. सुरुवात जुळते का, हे बहुतेक प्रोग्राम कोडवर पाहतात. त्यांच्या लेखी ‘बाकी’ आणि ‘बंद’ या दोन्हींची सुरुवात ‘ब’. वापरणाऱ्याच्या लेखी एक ‘बा’ने सुरू होते, दुसरी ‘बं’ने. ‘प्रत’ आणि ‘प्लॉट’ या दोन कमांडी असतील तर टॅब दाबल्यावर पडद्यावर येतो तो पाय मोडका ‘प्’. असा अर्धा शब्द समोर ठेवण्यापेक्षा दोन्ही पर्याय दाखवणे चांगले. म्हणजे समान भाग अख्ख्या अक्षराच्या सीमेवर कापायचा. कऱ्हाडच्या नावातली कथा याहून अवघड. त्यातला अर्धा ऱ दोन रीतींनी टाइप होतो: एकात ऱ साठीचा स्वतंत्र कोड आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकच. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोन्हींना एक करत नाही, त्यामुळे एका कीबोर्डवरून भरलेले कऱ्हाड दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले तर सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच: एक कोड, किंवा अ वर चंद्र. नावे तुलनेला घेण्याआधी अशा जोड्यांचा छोटा तक्ता लावून एकरूप करणे, एवढेच हातात आहे. फार वेळ लागत नाही, पण हे काम नेहमीच्या लायब्ररी सहसा तयार देत नाहीत.

चुकीच्या कमांडीवर ‘तुम्हाला हे म्हणायचे होते का?’ असे विचारण्याची चाल गिटने लोकप्रिय केली. ‘कोमिट’ लिहिले तर तो ‘कमिट’ सुचवतो, आणि सेटिंग लावली तर थोडे थांबून आपणच चालवतो. थांबण्याची वेळ दशांश सेकंदांत द्यायची असते. बऱ्याच जणांनी ‘होय’ अशा अर्थाने १ लिहिले आणि सेकंदाच्या दहाव्या भागात चुकीची कमांड चालू झाली. सुचवावे, चालवू नये. पुसणाऱ्या किंवा बदलणाऱ्या कमांडीला तर लघुरूपही नको आणि अंदाजही नको. खात्री विचारायची तर ‘होय/नाही’ पुरत नाही, कारण तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप ‘होय’वर जाते. जे पुसायचे त्याचे नाव पुन्हा लिहायला लावणे काहीसे त्रासाचे, पण कामाचे. त्याहून चांगले म्हणजे मागे घेण्याची कमांड.

शेवटी असा प्रोग्राम कधीतरी माणसाऐवजी फाइलमधून ओळी घेऊ लागतो. महिन्याची आवक कुणीतरी मजकुराच्या फाइलीत लिहून आणतो आणि ती प्रॉम्प्टला जोडतो. समोर टर्मिनल आहे की फाइल, हे प्रोग्रामला सुरू होतानाच कळू शकते. फाइल असेल तर प्रॉम्प्ट छापू नये, राहिलेले आर्ग्युमेंट विचारू नये, खात्रीही विचारू नये. आणि इथे मात्र चूक दिसताच बाहेर पडणे योग्य. प्रस्थापित साधनांचे याबाबत एकमत नाही. पीएसक्यूएल चुकलेल्या ओळीनंतरही पुढे जात राहतो, थांबवायचे तर ‘ऑन-एरर-स्टॉप’ लावावे लागते. एसक्यूलाइटला ‘बेल’ चालू करावे लागते. मायएसक्यूएलचा क्लायंट उलट पहिल्या चुकीला थांबतो, पुढे रेटायचे तर ‘फोर्स’ सांगावे लागते. वखारीच्या हिशेबाला मी मायएसक्यूएलची रीत घेईन: चुकलेल्या ओळीपाशी थांबायचे, ओळीचा क्रमांक सांगायचा, आणि त्याआधीच्या ओळी वहीत उतरल्या की नाहीत तेही त्याच संदेशात सांगायचे.